डॅशबोर्डवरची कॅसेट

खळ घातलेला परकर वाळला की आपल्या पायांवर उभा राहतो, हे मी विसरून गेलो होतो. मे महिन्यातल्या एका सकाळी चहासाठी बाहेर आलो, तर अल नहदाच्या आमच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये तीन पांढरे परकर देवळातल्या घंटांसारखे जमिनीवर उभे होते. इथे बाल्कनीत कपडे वाळत घालायची चोरी, म्हणून घरातच, एसीच्या झोतात.

"जवळ जाऊ नका, मोडतील," बायको म्हणाली.

"परकर मोडतात का कधी?"

"हे मोडतात. पेजेची खळ आहे."

नातीने या कामासाठी ऑनलाइन एक जाळीचा परकर मागवला होता. ऐंशी दिरहम. म्हणजे जवळजवळ दोन हजार रुपये, असं बायकोने मोठ्याने म्हटलं आणि तो परत पाठवायला लावला. साडीखालचे तीन साधे परकर, तांदळाची दाट पेज आणि कडक इस्त्री, एवढ्यात झग्याला हवा तेवढा घेर येतो. हे तिला माहीत होतं, कारण तिने ते पूर्वी एकदा केलं होतं.

नात कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे. जन्म दुबईचा, शाळा कुसैसची. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत येतं. तिला जपानी गाण्यांचं वेड आहे, आणि त्यातही एका विशिष्ट जातीच्या. गाणाऱ्या मुली जपानी, पण थाट सगळा पन्नास-साठ सालच्या अमेरिकेचा. ठिपक्यांचे घेरदार झगे, कमरेला रुंद पट्टा, केसांत रिबीन, मनगटापर्यंत पांढरे हातमोजे. मुलगे असले तर तेल चोपडून कपाळावर चढवलेला केसांचा तुरा आणि काळं कातडी जाकीट. रुपेरी मायक्रोफोन, काळ्यापांढऱ्या चौकटींची फरशी, आणि मागे कुठेतरी एक लांबलचक गुलाबी मोटार, शेपटीला माशासारखे पर असलेली. मोटारींच्या सुट्या भागांत माझं आयुष्य गेलं, त्यामुळे मी आधी ती मोटार बघतो, मग मुली.

नातीने मला समजावून सांगितलं की जपानात हे दर काही वर्षांनी परत येतं. आजच्या मुली चाळीस वर्षांपूर्वीच्या जपानी गायकांची नक्कल करतात, आणि ते गायक त्यांच्याही आधीच्या अमेरिकेची करत होते.

"इट्स नॉस्टॅल्जिया फॉर समबडी एल्सेस नॉस्टॅल्जिया, आजोबा."

"शिळ्या कढीला ऊत," बायको आतून म्हणाली.

याचा अर्थ नातीला सांगावा लागला. तिला तो इतका आवडला की लगेच मैत्रिणींच्या ग्रुपवर गेला. तिच्या कॉलेजात जपानी गाण्यांचा एक क्लब आहे. सात-आठ मुली, त्यांत एक फिलिपिनो, दोन मल्याळी, एक सिरियन. त्यांच्या कार्यक्रमात अशाच एका गाण्यावर त्या नाचणार होत्या. त्यासाठी परकर.

त्या क्लबात माझी बायको फार प्रसिद्ध आहे, एका फोटोमुळे. आमच्या हॉलमध्ये तो लावलेला आहे. तिशीच्या आतली माझी बायको, लाल कापडावर पांढरे ठिपके असलेला घेरदार झगा, केसांत तशीच रिबीन, हातात मायक्रोफोन. एका बाजूला आमच्या जपानी साहेबांच्या बाई, दुसऱ्या बाजूला ऑफिसातली फिलिपिनो सेक्रेटरी, तिघींचे झगे सारखे. कडेला मी, टाय लावून, टाळ्या वाजवत हसतोय. तो फोटो पाहून मुली म्हणतात, आजी किती पुढारलेली, आणि आजोबा तर किती कूल! त्या काळात बायकोला असं स्टेजवर गाऊ दिलं!

फोटोला जोडून एक गोष्टही आहे. त्या रात्रीच्या गाण्याची कॅसेट साहेबांनी आम्हाला दिली होती, ती मी गाडीत विसरलो, जूनच्या उन्हाने डॅशबोर्डवर वाकडी झाली आणि आजीचा आवाज दुबईच्या उन्हात वितळून गेला. मुलगा लहानपणापासून ही गोष्ट ऐकत आला. नात ती माझ्यापेक्षा चांगली सांगते. ती वाकडी कॅसेट बायकोने ठेवून दिली आहे, दागिन्यांच्या डब्यात, मंगळागौरीच्या फोटोंखाली.

फोटो खरा आहे. टाळ्याही मी वाजवल्या होत्या. बाकीचं मी आता नीट लिहून ठेवतो.

देरामध्ये एका जपानी मोटारींच्या शोरूमच्या मागे सुट्या भागांचं गोदाम होतं, तिथे मी होतो. वर जपानी साहेब. दिवसभर हा माणूस छोट्या, काटकसरी जपानी गाड्या विकायचा आणि संध्याकाळी ऑफिसातल्या टेपवर अमेरिकन लांब गाड्यांची गाणी ऐकायचा. गाणी जपानी भाषेत, चाल आणि शू-वा-शू-वा अमेरिकन. मी एकदा धीर करून विचारलं, "सर, गाड्या आपल्या आणि गाणी त्यांची, असं का?"

तो खूप हसला. मग सांगितलं ते मला आजही आठवतं. लढाईनंतर त्याच्या गावाशेजारी अमेरिकन फौजेचा तळ होता. मध्ये तारेचं कुंपण. आतल्या सैनिकांची त्याच्या घरच्यांना भीती वाटायची, त्यांच्याबद्दल घरात कुणी चांगलं बोलत नसे. पण शनिवारी रात्री आतून बँडचा आवाज यायचा. "कुंपणाबाहेर फक्त गाणं यायचं," तो त्याच्या तुटक इंग्रजीत म्हणाला. "आत काय होतं मला माहीत नाही. मी गाण्यावरून आतलं बनवलं." त्याच्या पिढीने, त्याच्या मते, ज्या अमेरिकेची गाणी लिहिली ती कुठेच नव्हती. ती कुंपणाबाहेर उभ्या असलेल्या पोरांनी बनवलेली होती.

मला तेव्हा ते गमतीचं वाटलं होतं. आज अल नहदात बसून नातीला त्या गुलाबी मोटारीसाठी हळवी होताना बघतो, तेव्हा वाटतं की आम्ही सगळेच कुंपणाबाहेरचे. एवढी वर्षं इथे काढून मी कुठे आत गेलो?

असो. साहेबांनी जपानहून गाण्याचं एक यंत्र मागवलं. नुसता बाजा वाजायचा, आवाज आपण द्यायचा. आता त्याला सगळं जग कराओके म्हणतं, तेव्हा आम्ही 'साहेबांचं मशीन' म्हणायचो. वर्षाच्या पार्टीत प्रत्येकाने गायचंच, असा त्यांचा नियम. नाही म्हणणं म्हणजे अपमान. साहेबांच्या बाईंनी तिघींचं एक गाणं बसवायचं ठरवलं आणि माझ्या बायकोला बोलावलं. ती तेव्हा दोन वर्षांपूर्वी कराडहून आलेली. दुसऱ्या एका कुटुंबाबरोबर अर्धा फ्लॅट, स्वयंपाकघर वाटून घेतलेलं, मी दिवसभर गोदामात. तिला ओळखणारं कुणी नव्हतं. महिनाभर ती रोज दुपारी साहेबांच्या घरी जात होती. जपानी शब्द देवनागरीत उतरवून पाठ केले. बर दुबईच्या कापडबाजारातून ठिपक्यांचं कापड आणलं, तिन्ही झगे स्वतः शिवले. परकरांना खळ घालायची युक्ती तिचीच. साहेबांच्या बाईंनी त्या परकरांना वाकून नमस्कार केला होता म्हणे.

पार्टीत ती गायली. एवढंच लिहितो, कारण ती कशी गायली हे सांगायचा अधिकार मी घालवला आहे. मधल्या कडव्यात तिघी एका टाचेवर गिरकी घेतात, तेव्हा सगळे उभे राहिले. तेव्हाच तो फोटो निघाला.

मग माझ्या टेबलावरचा एक सहकारी म्हणाला, "क्या बात है, भाभीजी तो एकदम फिल्मस्टार! आप तो छुपे रुस्तम निकले." बाकीचे हसले. वाईट काही नव्हतं त्यात. मीही हसलो. आणि घरी परतताना गाडीत मी म्हणालो, "पुरे झालं आता हे नाचकाम. आईला कळलं तर काय वाटेल तिला?"

मांडीवर झग्याचा घेर मावत नव्हता, तो ती दोन्ही हातांनी दाबून खाली बसवत राहिली.

पुढच्या आठवड्यात तिने तो झगा उसवला आणि त्याचं टेपरेकॉर्डरला कव्हर शिवलं. लाल, पांढऱ्या ठिपक्यांचं. पुढे मुलाला सांगितलं की उरलेल्या कापडाचं आहे. पण साहेबांनी पार्टीची कॅसेट पाठवली होती, ती तिने सोडली नाही. बाजूच्या अगदी शेवटी तिचं गाणं होतं. कव्हर वर करून ती ते रोज दुपारी ऐकायची. मी एकदा दुपारी लवकर आलो तेव्हा दाराबाहेरून ऐकलं. ती टेपबरोबर गात होती आणि मध्येच एकटीच हसली.

पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगितलं की मला लोकांची लाज वाटली. तसं नव्हतं. दोन वर्षं या परक्या गावात मी तिला सुखात ठेवायची धडपड करत होतो, आणि ती पहिल्यांदा सुखात दिसली ती माझ्यामुळे नव्हे. हे मला सोसलं नाही.

आता कॅसेटचं. त्या काळी फोन महाग, आणि माझ्या आईला वाचता येत नसे. म्हणून आम्ही इकडची मंडळी कॅसेट पाठवायचो. एका बाजूवर अर्धा तास बोलायचं, मुंबईला जाणाऱ्या कुणाच्या हाती द्यायची. आई शेजारच्यांच्या टेपवर ऐकायची, त्याच कॅसेटवर आपलं उत्तर बोलायची आणि परतीच्या माणसाबरोबर पाठवायची. एकच कॅसेट वर्षभर पुसली जायची आणि भरली जायची. बोलताना एसी बंद ठेवावा लागे, कारण तो खिडकीतला एसी ट्रॅक्टरसारखा घुरघुरायचा. बनियनवर, घामाने निथळत आम्ही "इकडे सर्व क्षेम आहे" म्हणायचो.

जूनमध्ये ओळखीचा एक जण दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानाने निघणार होता. बायको शेजारणीबरोबर बाजारात गेली होती. मी आईसाठी बोलायला बसलो आणि पार्टीची कॅसेट घेतली. तिच्या मागच्या कडेची छोटी टिकली साहेबांनी मुद्दाम मोडलेली होती. ती मोडली की कॅसेटवर चुकून दुसरं भरलं जात नाही. मी त्या भोकावर चिकटपट्टी लावली. म्हणजे चुकून काहीच झालं नाही. आणि कपाटात एक कोरी कॅसेट होती. प्लॅस्टिकसुद्धा न काढलेली.

आईशी बोललो. तब्येत, पाऊसपाणी, धाकट्या बहिणीचं स्थळ. बाजू संपत आली असेल असं वाटलं तेव्हा थांबलो, शेवटपर्यंत गेली का ते पाहिलं नाही.

मग भानावर आलो. बायको दुपारी कॅसेट शोधणार. तेव्हा मी ती कोरी कॅसेट काढली. पार्टीच्या कॅसेटवर साहेबांच्या बाईंनी जपानी अक्षरांत नाव लिहून चिकटवलं होतं, ते वाफेवर सोडवलं आणि कोऱ्या कॅसेटवर लावलं. ती गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवली. दोन दुपारींत ती पापडासारखी वाकली. तिसऱ्या दिवशी मी ती वर आणून बायकोपुढे ठेवली आणि कपाळाला हात लावला.

ती म्हणाली, "जाऊ द्या. ऊन काय कुणाचं ऐकतं का इथे?" आणि मलाच पाणी आणून दिलं.

ज्या कोऱ्या कॅसेटवर आईशी बोलायचं ती मी उन्हात घातली, आणि जिच्यावर बायको होती तिच्यावर आईशी बोललो. हे लिहून पाहिल्यावर वेडेपणा वाटतो. पण चाळीस वर्षं बायकोने दागिन्यांच्या डब्यात जपून ठेवला तो तिचा आवाज नव्हता. ती कोरी कॅसेट होती.

अजून एक राहिलं. दीड महिन्याने आईचं उत्तर आलं. आणणाऱ्याच्या घरून कुसैसहून परत येताना मी ते गाडीतच लावलं. आईने सगळ्यांची खुशाली सांगितली आणि मग म्हणाली, "तुझं बोलणं संपल्यावर मागं एक बाई गात होती बघ, कोण ती? भाषा काय कळली नाही, पण गळा गोड आहे. आम्ही चारदा ऐकलं. पुढच्या खेपेला ती जरा जास्त येऊ दे आणि तू जरा कमी."

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. गाण्याचा शेवट उरला होता, आणि आईच्या उत्तराखाली पुसला जाण्याआधी तो कराडला आमच्या आळीत चारदा वाजला होता. खरं तर तेव्हाच घरी जाऊन सगळं सांगायला हवं होतं. मी घरी गेलो आणि बायको यायच्या आत आईची तेवढी वाक्यं पुसली.

रात्री बायकोने कॅसेट ऐकली. "इथं आई मध्येच गप्प का झाल्या हो?"

"लाइट गेली असेल."

"कराडची लाइट म्हणजे काय," ती म्हणाली.

आई जाऊन आता पंचवीस वर्षांच्या वर झाली. बायको कधी पुन्हा गायली नाही. आरतीतही नुसती टाळी वाजवते. मुलगा विचारायचा, तेव्हा ती म्हणायची, "आईंना आवडलं नसतं रे." हे मी कितीदा ऐकलं, आणि गप्प बसलो.

तर यंदाच्या मे महिन्यात, परकर वाळत असताना, नात एका संध्याकाळी म्हणाली, "आजी, गिव्ह मी द मेल्टेड कॅसेट." तिच्याकडे जुन्या वस्तूंच्या बाजारातून आणलेला टेपरेकॉर्डर आहे. तिने वाचलं होतं की कॅसेटचं खोकं वाकलं तरी आतली फीत पुष्कळदा शाबूत असते. स्क्रू काढायचे, फितीची दोन्ही रिळं उचलून दुसऱ्या चांगल्या खोक्यात बसवायची, झालं. कार्यक्रमात दिवे मंद करून आधी आजीचा आवाज ऐकवायचा, मग तेच सूर पकडून मुलींनी नाचायला सुरुवात करायची, असा तिचा बेत होता. क्लबातल्या सगळ्यांना ती बोलून बसली होती.

"काही होणार नाही त्याचं," मी म्हणालो. "एवढ्या वर्षांची फीत."

"आजोबा, डोन्ट बी सो नेगेटिव्ह!"

बायको माझ्याकडे न बघता डबा घेऊन आली. ती साडी बदलून आली होती. आवाज ऐकायचा म्हणून.

जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून नातीने बारीक स्क्रूड्रायव्हरने कॅसेट उघडली. मुलगा नुकताच ऑफिसातून ट्रॅफिकमध्ये दीड तास काढून आला होता, तोही बूट न काढता उभा राहिला. मी म्हणायला हवं होतं. प्रत्येक स्क्रूला मी ठरवलं की आता म्हणतो. नातीने रिळं उचलली, दुसऱ्या खोक्यात ठेवली, पेन्सिल घालून फीत ताणून घेतली. "यल्ला, लेट्स गो," म्हणाली आणि बटण दाबलं.

सूं असा आवाज आला. नुसता.

"सुरुवातीला थोडा वेळ तसंच असतं," बायको म्हणाली.

आम्ही वाट पाहिली. सूं.

"आजी, मेबी..."

"थांब गं. माझं शेवटी आहे. आधी बाकीच्यांचं." पण बाकीचेही कुणी येत नव्हते. बायको खुर्ची ओढून पुढे सरकली आणि तिने यंत्राला कान लावला. तिचं एक बोट टेबलावर हळूच ताल धरत होतं, कुठल्या क्षणी आपण सुरू होऊ याचा अंदाज घेत. ते बोट मला बघवलं नाही.

"त्यात तू नाहीस," मी म्हणालो.

नातीने बटण बंद केलं. मी सगळं सांगितलं, वर लिहिलं आहे त्याच क्रमाने. चिकटपट्टी, कोरी कॅसेट, वाफेवर सोडवलेला कागद. मुलगा एकदा म्हणाला, "बाबा, जाऊ दे ना आता, खलास," तर बायकोने हात वर करून त्याला गप्प केलं. आईची वाक्यंही मी सांगितली, शब्दाला शब्द. ती मला पाठ आहेत.

बायकोने फक्त एकच विचारलं. "म्हणजे ती लाइट गेलीच नव्हती?"

"नाही."

ती उठून आत गेली. थोड्या वेळाने कुकरची शिट्टी झाली. जेवायला वाढलं तिने, सगळ्यांना, मलाही. नात माझ्याकडे बघत नव्हती. तिने भिंतीवरचा फोटो काढला नाही, एवढंच. दुसऱ्या दिवशी कॉलेजला जाताना मात्र दारात थांबली आणि चक्क मराठीत म्हणाली, "मी सगळ्यांना सांगितलं होतं, माझे आजोबा कूल आहेत."

"आता खरं सांग," मी म्हणालो.

"सांगू?"

"सांग."

आठवडाभर बायको माझ्याशी नातीमार्फत बोलली. "आजोबांना सांग, गोळी घेतली का." "आजोबांना म्हणावं, फोन वाजतोय." परकर तिने तरीही इस्त्री केले, झग्याची शिवण घातली, नातीला गिरकी कुठल्या टाचेवर घ्यायची ते दाखवलं. मी बेडरूममध्ये बसून त्यांच्या पावलांचा आवाज ऐकायचो. दार उघडंच होतं, पण मला बाहेर यायचं धैर्य झालं नाही. साहेबांचं कुंपण आठवायचं.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुपारी नात तयारी करत होती. सुरुवातीला आता काय ऐकवायचं, हा प्रश्न होताच. बायको हात पुसत बाहेर आली आणि टेबलाशी बसली.

"ती फीत कोरी आहे ना?"

"हो," नात म्हणाली. "टोटली ब्लँक."

"मग भर तिच्यावर."

नातीने पटकन टेप जवळ ओढला. "आजी! यू विल सिंग?"

"आधी बोलायचंय मला. नुसतं गाणं नाही पाठवायचं, आधी खुशाली सांगतात." मग तिने मान वळवली. मी बेडरूमच्या दारात उभा होतो. तिने माझ्याकडे पाहिलं, त्या संध्याकाळनंतर पहिल्यांदा.

"अहो," ती म्हणाली, "एसी बंद करा."

आताच्या एसीचा आवाज होत नाही. हे तिलाही माहीत आहे. मी जाऊन तो बंद केला. पंखाही बंद केला. मे महिन्याची दुपार, पाच मिनिटांत खोली तापली. नातीने बोट वर केलं, बटण दाबलं आणि बोट खाली आणलं.

बायकोने घसा साफ केला. पदर सारखा केला, जसं काही समोर कुणी बसलं आहे.

"आई, नमस्कार करते," ती म्हणाली. "इकडे सर्व क्षेम आहे. नात मोठी झाली. तुम्ही विचारलं होतं, ती गाणारी बाई कोण म्हणून. निरोप आत्ता मिळाला. ती मीच होते, आई. तुम्हाला शेवटच तेवढा ऐकायला मिळाला, आता सगळं म्हणते."

आणि ती जपानीत गाऊ लागली.